भिंतीकडची जागा

माझं सगळं नोकरीचं आयुष्य लोकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकण्यात गेलं. सरकारी कागदावर मी परिचारिका, लोकांच्या तोंडी ‘थेंबवाली बाई’. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हिंगोलीच्या बाजारात एखादा म्हातारा मला ओळखतो तेव्हा आधी मान मागं टाकून आभाळाकडे बघतो आणि मग आठवण आल्यासारखा नमस्कार करतो. सवय, दुसरं काय! मीही हातात भाजीच्या पिशव्या असतात म्हणून, नाहीतर तिथल्या तिथं त्याची पापणी खाली ओढून बघितली असती.

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, “बाई, नोकरीतलं काहीतरी हृदयस्पर्शी लिहा.” आता हृदय हे खातं माझ्याकडे कधीच नव्हतं. माझ्याकडे डोळे होते. त्यातल्या एका डोळ्याची हकिगत सांगते, बाकी तुमचं तुम्ही बघा.

नव्वदच्या आगेमागे हिंगोली हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. मोतीबिंदू झाला की गावोगावची माणसं शिबिराची वाट बघत बसायची. थंडी पडली की शिबिरं सुरू व्हायची, कारण उन्हाळ्यात डोळा कापला तर तो चिघळतो अशी लोकांची पक्की समजूत. गावातली चार मंडळी शाळेच्या खोल्या मागून घ्यायची. टेबलं जोडून ऑपरेशनचं टेबल व्हायचं, स्टोव्हवर हत्यारं उकळायची, जमिनीवर गाद्या अंथरल्या की झाला वॉर्ड. पोरांची शाळा झाडाखाली भरायची. पोरं खूश, मास्तर नाराज.

ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग दुधासारखं गढूळ होणं. त्या काळी ते गढूळ भिंग काढून टाकायचे, जखम बारीक टाक्यांनी शिवायचे आणि महिना-दीड महिन्यानं जाड काचेचा चष्मा द्यायचे. टाके फार नाजूक असायचे. म्हणून ऑपरेशन एका डोळ्याचं झालं तरी सुरुवातीला दोन्ही डोळे बांधून ठेवायचो, म्हणजे माणूस इकडंतिकडं बघत बसणार नाही. मग मी खोलीच्या मधोमध उभी राहून आज्ञा सोडायची : खोकायचं नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही, हसायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही. ताण आला की टाका तुटला, टाका तुटला की डोळा गेला. माझ्या आज्ञा तंतोतंत कुणी पाळल्या असतील तर त्या शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या थोर पुरुषांनी. बाकीचे तंबाखू मागायचे.

आणखी एक नियम होता. प्रत्येक रुग्णाबरोबर घरचं एक माणूस पाहिजे. डोळे बांधलेल्या माणसाला भरवायला, मोरीवर न्यायला, कूस बदलायला कुणीतरी लागतं. घरचं माणूस नाही तर ऑपरेशन नाही. हा नियम मी फार कडकपणे राबवायची.

पट्टी सुटायची तो दिवस मात्र लग्नासारखा. एका आजीची पट्टी सोडली, तिनं समोर बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, “आगं बया, हे एवढे म्हातारे कवा झाले?” आजोबा रुसून बाहेर जाऊन बसले. त्यांचा स्वतःचा मोतीबिंदू पिकायचा होता, त्यामुळं आजी त्यांना अजून तरणीच दिसत होती.

तर, त्या वर्षी शिबिर कुरुंद्याला होतं. गावाभोवती हळदीचे मळे, शाळेच्या अंगणात मोठा कडुलिंब. तपासणीच्या दिवशी दोन रांगा लागल्या, एक बाप्यांची, एक बायकांची. मी बॅटरी घेऊन दोन्ही रांगांतून फिरत होते. लिंबाखाली कुणीतरी एकटंच बसलेलं दिसलं. हिरवी साडी, गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर परडी, आणि पदर असा ओढलेला की तोंडच दिसेना.

“आजी, रांगेत या की,” मी म्हणाले.

“मी हितंच बरी हाय, बाई,” पदराआडून आवाज आला. आवाज भरदार, बाप्याचा म्हणावा असा.

ही सोनाआई. शिरड शहापूरची आराधी, म्हणजे देवीच्या नावानं घर सोडून गावोगाव जोगवा मागत फिरणारी. जन्मल्यावर तिचं नाव सोनाजी ठेवलं होतं म्हणे, पण कळायला लागल्यापासून ते नाव तिला कधी मानवलं नाही. ती सोना झाली आणि लोकांनी तिला ‘आई’ जोडली. जन्मानं तिचं शरीर कसं होतं हे मी विचारलं नाही. डोळ्याच्या कामात त्याची गरज पडत नाही.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि पदर सारून बॅटरी मारली. मोतीबिंदू कितीही पिकलेला असो, आतली नस जिवंत असेल तर माणसाला उजेड कुठल्या बाजूनं येतो हे कळतं. उजव्या डोळ्यावर उजेड टाकला, सोनाआईनं बरोबर बोट दाखवलं. डाव्यावर टाकला, ती वाट बघत बसली.

“टाका की उजेड,” ती म्हणाली.

मी टाकलेलाच होता. मोतीबिंदू वेळेत काढला नाही तर तो आत फुगतो, डोळ्यात दाब वाढतो आणि नस मरते. मग कितीही मोठा डॉक्टर आणा, तो डोळा परत येत नाही. डावा गेला होता. उजवा पिकून दुधाळ झाला होता आणि त्याच वाटेला लागला होता.

“इतके दिवस काय करत होता?” मी ओरडलेच. दुःख झालं की मी ओरडते, हा माझा जुना रोग आहे.

“आले की, बाई. दोन-तीन शिबिरांला आले,” ती शांतपणे म्हणाली. “बायांच्या रांगेत हुबी ऱ्हायले, तर म्हनले दाढी हाय. बाप्यांच्या रांगेत गेले, तर म्हनले साडी हाय. मोठ्या दवाखान्यात गेले, तिथले डाक्तर ग्वाड बोलले, पर म्हनले, तुला खाट कंच्या खोलीत द्यावी? तवापासून रांगेत जात न्हाई. लिंबाखाली बसते. रांगा सरल्या की कुनी तरी बलावंल.”

“मग बोलावतात का?”

“रांगा सरल्या की शिबिर बी सरतं.”

मी तिचा हात धरला आणि तिला तशीच डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. मागं रांगेत कुजबुज झाली, एकदोघे फिदीफिदी हसले. मी फक्त मागं वळून बघितलं. थेंब माझ्या हातात होते, हे लोकांना ठाऊक होतं.

डॉक्टरांनी डोळा बघितला. “उजवा वाचेल, सिस्टर. पण पुढच्या थंडीपर्यंत नाही. आत्ताच काढायला पाहिजे. खोलीचं तुम्ही आणि कमिटी बघा.” डॉक्टर लोकांचं हे एक बरं असतं, त्यांना डोळ्याबाहेरचं बघावं लागत नाही.

कमिटी म्हणजे नामदेवराव. गावातलं वजनदार माणूस, शिबिराची सगळी पंगत त्यांच्या घरून यायची. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

“सिस्टर, बायकांच्या खोलीत ठेवलं तर बायका कालवा करतील. त्यांचे मालक माझ्या नावानं शिमगा करतील. पुरुषांच्या खोलीत ठेवा.”

“बाप्यात नको,” सोनाआई एकदम म्हणाली.  “गोठ्यात टाका मला, पर बाप्यात नको.” पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. तिला काय काय आठवलं असेल, ते मी विचारलं नाही.

“मग जळणाच्या खोलीत सोय करू,” नामदेवराव म्हणाले.

“तिथं धूळ आहे, कोळिष्टकं आहेत. डोळ्यात पू झाला तर मी तुम्हाला धरीन,” मी म्हणाले. “नामदेवराव, दर मंगळवारी तुमच्या मालकीणबाई हिची परडी भरतात. पाया पडतात. मग आता काय झालं?”

“ते उंबऱ्यावर असतं, सिस्टर,” ते हळूच म्हणाले. “हे खोलीत.”

त्यांच्या या वाक्याचा मला राग यायला हवा होता, पण मला तो माणूस खरं बोलल्यासारखा वाटला. मी पुसेगावच्या बौद्ध वस्तीत वाढले. उंबऱ्यापर्यंत चालतं आणि आत चालत नाही, हे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी हट्टाला पेटले. शेवटी तोड निघाली : बायकांच्या खोलीत अगदी कडेची, भिंतीकडची जागा. मध्ये दोरीवर लुगड्याचा आडपडदा, सोबतच्या माणसांना दिसू नये म्हणून. बायकांचे डोळे बांधलेलेच असणार, त्यांना काही दिसायचं नाही. फक्त सोनाआईनं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कारण आवाज ऐकला की संपलं.

“जमेल का?” मी तिला विचारलं.

“न जमाया काय झालं? आंधळ्यापरीस मुकं बरं.”

राहिला घरच्या माणसाचा नियम. सोनाआईला पुतण्यानं सायकलवर आणून सोडलं होतं आणि तो फाटकातूनच परत गेला होता. मला विचारात पडलेली बघून एक तरणी बाई पुढं आली. भिंतीजवळच्या दुसऱ्या गादीवर गयाबाई नावाची म्हातारी येणार होती, तिची ही सून. “सासूबाईसंगं त्यांचं बी करीन मी,” एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला निघून गेली. मला बरं वाटलं. मी तिला दम दिला, कुणाला सांगू नकोस. तिनं मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पुरुषांची दाढी करायची पद्धत होती. चेहरा स्वच्छ लागतो, पट्टीची चिकटपट्टी दाढीवर बसत नाही. अंगणात न्हावी बसला होता आणि एकेकाला हाक मारत होता. सोनाआईच्या गालावरही वाढलेले पांढरे खुंट होते. न्हाव्यानं माणुसकीनं हाक मारली, “या आई, बसा.” पण ती जागची हलेना. तिला बाप्यांच्या ओळीत बसून अंगणात दाढी करून घ्यायची नव्हती. कोपऱ्यात तोंड करून ती हुंदके द्यायला लागली.

मी न्हाव्याकडून वस्तरा आणि साबण घेतला, तिला गुरुजींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आयुष्यात मी कुणाची दाढी केली नव्हती. नवऱ्यानं माझ्या हातात वस्तरा देण्याचं धाडस कधी केलं नव्हतं. मी सोनाआईच्या गालाला साबण लावला.

“चिमट्यानं उपटायची मी,” ती सांगायला लागली. “रोज सकाळी कवळं ऊन पडलं की दारात बसायची, आरसा घिऊन. एक केस ठिवत नव्हते. मंग दिसंना झालं. हातानं चाचपून किती उपटनार? रगत येतं. लोकं म्हनत्यात, सोनाआईचे डोळे गेले. बाई, माझं त्वांड गेलं हो.”

 जेवढी म्हणून गुळगुळीत करता येईल तेवढी तिची हनुवटी मी गुळगुळीत केली. नंतर तिनं दोन्ही हातांनी चेहरा चाचपला, पुन्हा पुन्हा चाचपला आणि पदर मागं टाकला. तोंड उघडं टाकून ती माझ्यामागं ऑपरेशनच्या खोलीत आली. गळ्यातली माळ काढावी लागेल म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मी देवधर्मातली नाही, पण माळ साबणानं धुतली आणि तिच्या मुठीत दिली.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर हात धुताना म्हणाले, “टाके सांभाळा, सिस्टर. हिला दुसरा डोळा नाही.”

मग सुरू झाली माझी खरी परीक्षा. बायकांच्या खोलीत ओळीनं बायका निजलेल्या, सगळ्यांच्या डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या, आणि कडेला लुगड्याच्या आड सोनाआई, तोंड मिटून. मी थेंब टाकायला जायची तेव्हा तिच्या वतीनं मीच बोलायची. “दुखतंय का? नाही? बरं बरं.” गयाबाईची सून भाकरी दुधात कुस्करून आधी सासूला भरवायची, मग पडद्याआड जायची. सगळं बिनबोभाट चाललं होतं. मी स्वतःवर फारच खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर गयाबाईनं मला हाक मारली.

“सिस्टर, ती भिंतीकडची बाई बोलत काहून न्हाई?”

“मुकी आहे बिचारी,” मी म्हणाले.

 मग कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. बघता बघता ती पट्ट्या बांधलेली अख्खी ओळ गदगदा हसायला लागली.

“हसू नका! अगं टाके तुटतील! गप्प!”

“मुकी?” गयाबाई पोट धरून म्हणाली. “आवं, तिनं गल्लीच्या तोंडाला हाळी दिली की माझ्या घरातली भांडी वाजत्यात. अन् ती मुकी? कालपासून कवड्या वाजून राहिल्या मुठीत. सिस्टर, डोळे बांधले तुमी आमचे, कान न्हाई बांधले.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“सोनाआई हाय म्हनून? पह्यल्या दिसापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

गयाबाई म्हणाली, “आमी वळखलंय हे तुमाला ठाऊक न्हाई. वाटलं, कळलं तर तिला उठवून लावताल. म्हनून गप बसलो समद्या. सून म्हनली, सिस्टर लई कडक हाय, कुनी काई बोलू नगा.”

 माझ्यापासून आणि नामदेवरावांपासून सोनाआईला वाचवायला ती सगळी खोली तोंड बांधून पडली होती, आणि त्यांच्यापासून तिला वाचवायला मी. आम्ही सगळ्याच एकमेकींना चोर समजून एकाच घरावर पहारा देत होतो.

मी जाऊन दोरीवरचं लुगडं ओढून काढलं. पलीकडं सोनाआई उताणी निजली होती, दोन्ही हातांनी माळ छातीशी धरून. तिचे ओठ थरथरत होते.

“सोनाआई, रडायचं नाही,” मी ओरडले. “टाके तुटतील! खबरदार!”

तिनं खालचा ओठ दातात धरला. पट्टीखाली काय चाललं होतं देव जाणे, पण तिनं हुंदका येऊ दिला नाही. गयाबाईनं चाचपत हात लांब केला, तिचा हात शोधून काढला आणि धरून ठेवला.

“सोनाआई,” ती म्हणाली, “पुसेगावाकडं गेलतीस का गं? माझ्या भावाकडचं काई कळलं का?”

तेव्हा मला उमगलं की सोनाआई त्या बायकांची कोण होती. आराधी गावोगाव फिरते, पायी नाहीतर मिळेल त्या एसटीनं. एका गावात दिलेली लेक दुसऱ्या गावच्या आईला खुशाली सांगायची ती सोनाआईच्या तोंडून. कुणाला लेकरू झालं, कुणाची भावजय नांदते का, कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळली. टपाल होतं, पण बायकांच्या मनातलं टपालात मावत नव्हतं आणि लिहिता कुणाला येत होतं? दिसेनासं झाल्यापासून सोनाआईच्या फेऱ्या बंद पडल्या होत्या, आणि या बायकांच्या माहेराच्या वाटाही.

“न्हाई गेले, गया,” सोनाआईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. सगळ्या खोलीनं श्वास सोडला. “दिसत न्हाई तर कुठं जाऊ? एकडाव खड्ड्यात पडले. पर आता जाईन. आदी तुझ्या भावाकडं जाईन.”

“अन् माझ्या लेकीकडं,” एक म्हणाली. “अन् शिरडला माझ्या आईकडं,” दुसरी. मी त्यांना हळू बोलायला सांगत होते, पण माझं कुणी ऐकत नव्हतं.

थोड्या वेळानं सोनाआईनं विचारलं, “बाई, तुमचं माहेर कंचं?”

“पुसेगावच. पण आमच्या वस्तीत परडी येत नाही.”

“व्हय. तुमच्यात देवी न्हाई. म्हनून त्या अंगाला कवा वळले न्हाई,” ती म्हणाली.

संध्याकाळी नामदेवराव आले. पडदा काढलेला बघून दारातच थबकले. मी म्हणाले, “बायकांनी कालवा केला, बघा. पण वेगळाच.” त्यांना सगळं सांगितलं.  दुसऱ्या दिवशी पंगतीची भाजी वाढायला त्यांच्या मालकीणबाई स्वतः आल्या आणि खोलीच्या आत, भिंतीकडच्या गादीशी बसून सोनाआईला त्यांनी हातानं भरवलं.

चष्मे वाटायला आम्ही कुरुंद्याला गेलो तेव्हा गावात हळद शिजत होती. सगळ्या हवेला तो ओला, उकडलेला वास. सोनाआई या वेळी बायकांच्या रांगेत होती, गयाबाईच्या मागं, तोंडावर पदर घेऊनच. तिच्या डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा बसवला आणि नाकावर बरोबर बसला का ते बघायला मी पद्धतीप्रमाणं आरसा पुढं केला. लोक अशा वेळी हसतात, लाजतात, काहीजण आरशामागं बघतात. सोनाआईनं आरसा माझ्या हातातून काढून घेतला. पदर खाली सोडला. हनुवटी इकडं वळवली, तिकडं वळवली. मग कमरेची चंची सोडून तिच्यातून चिमटा काढला आणि तिथंच, टेबलाशी, एकेक केस उपटायला लागली.

मागं रांग खोळंबली. मी काही बोलणार तेवढ्यात गयाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, सिस्टर. लई दिवसाचं साचलंय. आमाला काई घाई न्हाई.”

सोनाआईचा डावा डोळा मात्र तसाच राहिला, पांढरा. तो पहिल्याच शिबिरात वाचला असता. नेमकं कुणी तिला हाकललं हे मला माहीत नाही, ती नावं सांगायची नाही. पण पुढं कुठल्याही शिबिरात गेले की मी आधी रांगा बघत नसे, झाडाखाली कुणी बसलंय का ते बघत असे. कधी कुणी असायचं. कुणी पुरुषी कपड्यांत, खाली मान घालून, कुणी साडीत. काहींना खोली मिळवून दिली, काहींसाठी भांडूनही जमलं नाही, आणि काहीजण मी पोचायच्या आत उठून गेलेले असत. त्या मोकळ्या झाडांची आठवण मला अजून येते.

मग बरीच वर्षं गेली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला. डोळ्यात नवं भिंग बसवायला सुरुवात झाली आणि त्या जाड काचा गेल्या. शाळेतली शिबिरं बंद होऊन खेड्यापाड्यांतले रुग्ण गाडीनं दवाखान्यात यायला लागले. मी डोळ्यांच्या विभागाची मोठी सिस्टर झाले, म्हणजे ओरडायचा पगार मिळायला लागला.

एका मंगळवारी मी ओसरीत आले तर बाकावर दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून बसलेल्या. एक सोनाआई, थकलेली, पण हनुवटी लखलखीत. दुसरी माझी आई.

“आई, तू इथं कशी?”

आई नजर चुकवायला लागली. सोनाआईच बोलली. कुरुंद्याहून बरी झाल्यावर ती पुसेगावला गेली होती आणि गयाबाईच्या भावाचं घर करून, पहिल्यांदाच, आमच्या वस्तीकडं वळली होती. जोगवा मागायला नाही. ‘तुमची लेक बरी हाय, लई वरडती,’ एवढी खुशाली सांगायला. आईनं तिला सांगितलं, आमच्यात देवीबिवी न्हाई, पर पानी पी, आत ये. तेव्हापासून ती दरवर्षी जायची. हे मला आईनं कधी सांगितलं नव्हतं. आणि दोन्ही डोळ्यांना कमी दिसतंय, हेही सांगितलं नव्हतं.

“लेकीला काहून सांगितलं न्हाई, म्हनून मी भांडले,” सोनाआई म्हणाली. “तर म्हनती, मला भ्याव वाटतं. मंग म्हनलं, चल. मी हाय ना संगं. मी बगितलंय सगळं.”

टेबलाशी नवी, तरणी सिस्टर बसली होती. कामाला चोख, माझ्याच तालमीतली. तिनं आईचं नाव विचारलं आणि मग माझाच जुना नियम तिच्या तोंडून आला, “आजी, बरोबर घरचं माणूस कोण आहे?”

“ही,” आईनं सोनाआईकडं बोट केलं.

त्या पोरीनं सोनाआईकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. कवड्यांची माळ, रुंद हात, जाड काचेमागचा एक डोळा. “ह्या? ह्या तुमच्या कोण लागतात?”

मी पुढं होणार होते, पण आईनं मला सवड दिली नाही.

“बहीण लागती माझी,” ती ठसक्यात म्हणाली. “ह्या तुमच्या मोठ्या सिस्टरची मावशी. आन् तिला माझ्या खाटंजवळच जागा द्या. भिंतीकडची.”

पोरगी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. “खरंच का, मॅडम?”

“धाकटी मावशी आहे,” मी म्हणाले. “जागा करून दे.”

सोनाआईनं चष्मा काढला. तिचा तो एकुलता एक डोळा काठोकाठ भरून आला होता, आणि पाणी गुळगुळीत गालावरून खाली ओघळायला लागलं.

“सोनाआई, रडायचं नाही!” मी सवयीनं ओरडले.

“आता रडू द्या की, बाई,” ती म्हणाली. “टाके कवाच काढलेत.”